देवळातले कासव आणि समुद्रातले कासव: मुलांनी कधीच न पाहिलेल्या विषयाचे चित्रपुस्तक वाचण्याआधी तयारी किती आणि कशी करावी?

गोदाकाठ | सोमवार, रात्री 9:40

नमस्कार. पैठणजवळच्या एका गावात आम्ही तिघी-चौघी मिळून दर शनिवारी दुपारी मुलांसाठी वाचनाचा तास घेतो. समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी अंथरली की चार ते सात वर्षांची पंधरा-वीस मुले येऊन बसतात. गेली दोन वर्षे आम्ही शेळी, आठवडी बाजार, पहिला पाऊस, आजीची गोधडी अशा विषयांची पुस्तके वाचली. ती वाचताना आम्हाला कसलीही तयारी करावी लागली नाही, कारण पुस्तकात जे होते ते ओट्यावरून खाली उतरले की समोर होतेच.

या महिन्यात भेट म्हणून आलेल्या पुस्तकांत एक पुस्तक समुद्री कासवाचे आहे. चोवीस पाने, प्रत्येक पानावर फार तर दोन ओळी, बाकी सगळे चित्र. रात्री एक मादी पाण्यातून वाळूवर येते, खड्डा करून अंडी घालते आणि परत जाते. मधली दोन पाने नुसती वाळू आहे. मग पिल्ले बाहेर येतात, वाटेत खेकडा आणि घार, आणि शेवटच्या पानावर अथांग निळ्या रंगात एक ठिपका. चित्रे इतकी सुंदर आहेत की पुस्तक बाजूला ठेवणे जिवावर येते. मात्र मी स्वतः समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला आहे, आणि तोही चौपाटीवर भेळ खाताना.

अंदाज घ्यावा म्हणून मागच्या शनिवारी मी मुलांना फक्त मुखपृष्ठ दाखवले. मला वाटले होते की मुले गोंधळतील. प्रत्यक्षात कोणीही गोंधळले नाही, आणि मला काळजी त्याचीच वाटते. एक जण म्हणाला, "हे तर देवळातलं कासव!" दुसरी म्हणाली, "आमच्या हिरीत हाय असलंच." तिसऱ्याने "ससा कुठंय?" असे विचारले. पाण्याबद्दल तर सगळ्यांचे एकमत होते: "हे नाथसागर." आमच्याकडे जायकवाडीच्या जलाशयाला नाथसागर म्हणतात आणि काही ठिकाणांहून त्याचा पलीकडचा काठ दिसत नाही, त्यामुळे मुलांचे म्हणणे अगदीच चुकीचे आहे असेही म्हणता येईना. वाळूचे चित्र पाहून एकाने गंभीरपणे विचारले की अंडी घातलेली वाळू हायवात भरून नेली तर काय होईल. गोदावरीकाठच्या मुलाला वाळू म्हटले की डंपरच आठवणार, हे मला आधी सुचायला हवे होते.

माझे प्रश्न असे आहेत. वाचनाआधी मुलांना समुद्राची माहिती द्यावी की थेट पुस्तक उघडावे? "भरती", "पुळण" यांसारखे शब्द बदलून सोपे करावेत का? आणि सर्वांत अवघड प्रश्न असा की, मादी अंडी घालून निघून जाते ते पान कसे वाचावे? आमच्या मुलांपैकी पाच-सहा जणांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले आहेत आणि ती आजीआजोबांजवळ राहतात.

सोलापुरी ग्रंथपाल | सोमवार, रात्री 10:25

तुमच्या प्रश्नातच एक गृहीतक आहे आणि त्याच्याशी मी सहमत नाही. मुलांना विषय अनोळखी आहे म्हणून आधी ओळख करून द्यायला हवी, असे आपण मोठी माणसे मानतो. पण लहान मुलांसाठी बहुतेक जगच अनोळखी असते आणि त्याची त्यांना सवय असते. सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागात मी बरीच वर्षे काढली. तिथे पाहिले आहे की पुस्तक उघडण्याआधी दहा मिनिटे बोललेल्या माणसासमोरची मुले पुस्तक उघडेपर्यंत चप्पल शोधू लागतात. चित्रपुस्तकात माहिती चित्राने द्यायची असते. तुम्ही आधीच सांगितलेत की हे समुद्री कासव आहे, त्याला वल्ह्यांसारखे पाय असतात, ते खाऱ्या पाण्यात राहते, तर मग चित्राला सांगायला काय उरले?

माझा सल्ला असा आहे की पहिल्या वेळी पुस्तक सरळ, न थांबता, सावकाश वाचावे आणि पाने उलटताना घाई करू नये. मुलांना नाथसागर वाटला तर वाटू द्यावा. प्रश्न दुसऱ्या वाचनात येतील आणि तेव्हा त्यांना उत्तरे द्यावीत.

निवृत्त बालवाडीताई | मंगळवार, सकाळी 7:15

ग्रंथपालांचे निम्मे म्हणणे मला पटते. आधी भाषण देऊ नये हे अगदी खरे. पण "सरळ वाचा" यातून तयारीच नको असा अर्थ निघतो आणि तिथे मी थांबते. तयारी मुलांची करायची नसते, आपली करायची असते. मुलांना एक वाक्य सांगण्यासाठी आपल्याला दहा वाक्ये ठाऊक असावी लागतात आणि उरलेली नऊ गिळून टाकण्याचा संयमही लागतो.

गोदाकाठताई, तुमच्या मुलांची उत्तरे वाचून मला फार आनंद झाला, कारण तयारी कुठून सुरू करायची ते मुलांनीच तुम्हाला सांगितले आहे. अनोळखी शब्द अडचणीचा नसतो. मूल त्याच्यापाशी थांबते, विचारते किंवा ओलांडून पुढे जाते. अडचणीचा असतो तो ओळखीचा शब्द, जो पुस्तकात वेगळ्या अर्थाने आलेला असतो, कारण तिथे मूल थांबतच नाही. तुमच्या पुस्तकात असे चार शब्द मला दिसतात: कासव, सागर, वाळू आणि आई. पुस्तक घेऊन एकट्याने बसा आणि प्रत्येक पानावर स्वतःला एकच प्रश्न विचारा की आपल्या गावातले मूल इथे काय पाहील. तुम्हाला जे दिसते ते बाजूला ठेवा.

आमच्या प्रशिक्षणाच्या काळात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामाचा दाखला नेहमी दिला जाई. 1945 साली त्यांनी बोर्डीला समुद्रकाठी काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये नेले. शिकवण्याचे साधन विकत आणायचे नाही, परिसरातल्या बिया, पाने, खडे, शिंपले यांतून ते घडवायचे, ही त्यांची रीत होती. साधने गरिबीमुळे तशी होती असे पुष्कळांना वाटते. मला मात्र वाटते की मुलाच्या हाताला आधीच ठाऊक असलेल्या वस्तूपासून सुरुवात केली की पुढची नवी गोष्ट त्याला परकी वाटत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून तुमच्याकडच्या वस्तू घ्या. बांबूचे साधे सूप घ्या, त्यात दोन मुठी ज्वारी टाका आणि ते अगदी हळू एका बाजूला कलंडवा, मग दुसऱ्या बाजूला. दाणे सरकताना जो आवाज होतो तो किनाऱ्यावरून मागे जाणाऱ्या लाटेच्या फार जवळचा असतो. स्टीलची परात घेऊ नका, तिचा खणखणाट होतो. हा आवाज पुस्तक उघडण्याआधी काढायचा आणि त्यावर एक अक्षरही बोलायचे नाही. मग त्याच पानावर पुन्हा काढायचा, जिथे लाट आहे. आमच्या वर्गात एका मुलीने डोळे मिटून सांगितले होते की "कुणीतरी लांबून श्वास घेतंय". एवढी तयारी पुरते.

शब्दांबद्दल: "पुळण" मुळीच बदलू नका. वाळूचा किनारा म्हणजे पुळण, एवढे चित्रातच दिसते आहे. शब्द तोंडात घोळवायला छान आहे आणि मुलांना असे शब्द आवडतात. आपण शब्द सोपे करतो ते बहुधा आपल्या सोयीसाठी.

आईच्या पानाबद्दल मला थोडा विचार करून लिहायचे आहे. संध्याकाळी लिहीन.

मंडणगडकर | मंगळवार, दुपारी 1:50

मी कोकणातल्या वेळासच्या बाजूचा. आमच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या अंडी घालायला येतात. मी काही हंगाम घरट्यांच्या राखणीला मदत केली आहे, त्यामुळे शिकवण्यातले काही कळत नसले तरी कासवाबद्दल लिहू शकतो. यातले मुलांना किती सांगायचे ते तुम्ही ठरवा.

मादीची पाठ दोन फुटांहून थोडी मोठी असते आणि वजन साधारण 35 ते 45 किलो, म्हणजे सिमेंटच्या भरलेल्या पोत्यापेक्षा जरा कमी. ती मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा करते. इथे हात म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, जुने माप. त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. अंडे टेबल टेनिसच्या चेंडूएवढे आणि पांढरे असते, पण कोंबडीच्या अंड्यासारखे टणक नसते, दाबले तर किंचित खोलगट होते. पिल्ले बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात. पिल्लाची पाठ जेमतेम दीड इंचाची, वजन दहा रुपयांच्या दोन नाण्यांच्या आसपास. चित्रपुस्तकांत पिल्लू पूर्ण पानभर काढलेले असते आणि मुले ते केवढे समजत असतील कोण जाणे, म्हणून ही मापे मुद्दाम दिली. ओट्यावर खडूने मादी खऱ्या मापाची काढा आणि मुलांच्या तळहातावर दोन नाणी ठेवा.

देवळातल्या आणि विहिरीतल्या कासवाशी फरक: आमचे कासव डोके आणि पाय पाठीच्या आत ओढून घेऊ शकत नाही. त्याला पाय नसून वल्ही असतात. पाण्यात ते वाऱ्यासारखे जाते, वाळूवर मात्र अंग फरफटत नेते आणि मागे ट्रॅक्टरच्या चाकासारखी नक्षी सोडते. सकाळी आम्ही ती नक्षी बघूनच घरटे शोधतो. अंडी तिथे राहिली तर कुत्री, कोल्हे उकरतात, म्हणून ती काढून किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोल खड्ड्यात पुन्हा पुरतात. दिवस भरत आले की त्यावर टोपली ठेवतात. पिल्ले वर आली की टोपलीखाली सापडतात आणि त्यांना पाण्यापासून थोडे अलीकडे वाळूवर सोडतात. थेट पाण्यात ठेवत नाहीत, चालत जाऊ देतात.

आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी, मुलांसाठी नव्हे: वाळू जास्त गरम असेल तर माद्या जास्त निपजतात, थोडी गार असेल तर नर. हे ऐकले की मोठी माणसे अर्धा तास हलत नाहीत.

भरतीबद्दल विचारलेत. दिवसातून दोनदा पाणी चढते आणि दोनदा उतरते, आणि दर दिवशी वेळ साधारण पाऊण तास पुढे सरकते. आमच्याकडे जुनी माणसे तिथीला पाऊणने गुणतात: चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. हिशेब ढोबळ आहे, पण होडी काढायला पुरतो.

गोदाकाठ | मंगळवार, दुपारी 3:30

दादा, मनापासून आभार. भरतीच्या पानावर माझी गाडी अडली होती. पुस्तकात एका पानावर होडी चिखलात कललेली आहे आणि तीन पानांनंतर तीच होडी तरंगते आहे. आमची मुले म्हणणार की पाणी कालव्याला सोडले. नाथसागराचे पाणीही उतरते, पण ते उतरायला महिने लागतात आणि उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेर करून घेतात. त्यामुळे पाणी मागे जाते हे त्यांना ठाऊक आहे. ते आपले आपण, रोज दोनदा परत येते, एवढेच नवे आहे. तेवढे एकच वाक्य मी सांगेन असे ठरवते आहे.

वाळूत अंडी कशी उबतात हे सांगताना आंब्याच्या अढीचे उदाहरण द्यावे असे सुचले आहे. गवतात हात घातला की ऊब लागते, ती सगळ्या मुलांनी अनुभवली आहे. चालेल का?

सोलापुरी ग्रंथपाल | मंगळवार, दुपारी 4:05

अढीचे उदाहरण देऊ नका. उदाहरण सुरेख आहे, म्हणूनच धोक्याचे आहे. मुले अंडी पिकतात असे धरून चालतील, आणि मग पिल्लू बाहेर येण्याऐवजी अंडे पिवळे होण्याची वाट बघतील. खुडूक कोंबडी वापरा. एकवीस दिवस ती अंड्यांवर बसते हे गावातल्या मुलाला माहीत असते. कासवीण बसत नाही, वाळू तिच्याऐवजी ऊब देते. इथे सारखेपणाही कळतो आणि फरकही.

तयारी आपली करायची, मुलांची नव्हे, हे ताईंचे वाक्य मला मान्य आहे. काल मी जरा घाईने लिहिले होते.

धुक्यातली आई | मंगळवार, रात्री 11:20

मी एडिंबरामध्ये राहते. तुमच्या प्रश्नाची उलटी बाजू माझ्याकडे आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. माझ्या पाच वर्षांच्या मुलीसाठी मी पुण्याहून बैलपोळ्याचे मराठी चित्रपुस्तक आणले होते. तिला गाय म्हणजे इथल्या डोंगरांवरची, डोळ्यांवर केस आलेली, तांबूस गाय. बैल म्हणजे काय, नांगर म्हणजे काय, पोळा श्रावण अमावास्येला का असतो, त्या दिवशी बैलाला का जुंपत नाहीत, हे सगळे मी तिला आधी समजावून सांगितले, फोनवर चित्रफिती दाखवल्या, मातीचे बैल करून ठेवले. पुस्तक उघडले तेव्हा ती म्हणाली, "आई, हे मला माहितीये," आणि उठून गेली.

तीन महिन्यांनी तिनेच ते पुस्तक काढले आणि मी गप्प बसून वाचले. तिने विचारलेला एकमेव प्रश्न असा होता की, शिंगे रंगवताना बैलाला गुदगुल्या होतात का. माझ्या सगळ्या तयारीत हा प्रश्न नव्हता आणि मला उत्तरही येत नव्हते. मी सासऱ्यांना सांगलीला फोन लावला. ते म्हणाले की शिंगाच्या टोकाला नाही, पण मुळाशी हात लागला की बैल मान हलवतो. त्यानंतर आठवडाभर ते पुस्तक दोघे फोनवर वाचत होते. मला एवढेच सुचवायचे आहे की, ज्याने ती गोष्ट हाताळली आहे असा एक माणूस गाठून ठेवावा. तुम्हाला तो आधीच मिळालेला दिसतो आहे.

निवृत्त बालवाडीताई | बुधवार, सकाळी 6:50

काल संध्याकाळी लिहिणार होते, पण लिहिलेले दोनदा खोडले.

मादी निघून जाते त्या पानावर मुले विचारणारच की ती परत कधी येते. आपल्या जिभेवर लगेच एक गोड खोटे येते की ती समुद्रात पिल्लांची वाट बघत असते. ते सांगू नका. कासवीण वाट बघत नसते, आणि शेवटच्या पानावर पिल्लू एकटेच आहे हे चित्रात स्पष्ट दिसते. चित्र एक सांगते आणि ताई दुसरे सांगते असे झाले की मूल चित्रावर विश्वास ठेवते आणि पुढच्या वेळी ताईला विचारत नाही.

दुसरा मोह याच्या अगदी उलटा असतो. ज्या मुलांचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत त्यांच्याकडे बघून आपण म्हणतो, "तुझी आईपण गेलीय ना, तशीच." हे तर मुळीच नको. एक तर ते खरे नाही, कारण कासवीण परतत नाही आणि पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की त्यांची आई परतते. दुसरे असे की, पंधरा मुलांसमोर एखाद्याच्या घरातली गोष्ट आपण ओट्यावर आणून ठेवतो. मुलाला ती जोडायची असेल तर ते स्वतः जोडेल, मोठ्याने किंवा मनात. आपण त्या पानावर थोडे जास्त थांबायचे, बस्स.

विचारले तर काय सांगावे? मी प्राण्यांच्या तऱ्हा सांगितल्या असत्या. गाय वासराला चाटते. कोंबडी पंखाखाली घेते. माकडीण पोटाशी धरून हिंडते. कासविणीची तऱ्हा वेगळी आहे: ती जागा शोधते, खोल खणते, झाकून ठेवते आणि जाते. तिचे काम तिने जाण्याआधीच पुरे केलेले असते. मंडणगडकर, इथे मला तुमची मदत हवी आहे. पिल्लू पहिले काही दिवस काय खाते?

मंडणगडकर | बुधवार, सकाळी 8:10

ताई, पहिले काही दिवस त्याला खायची गरज फारशी पडत नाही. अंड्यातला पिवळा बलक पूर्ण संपलेला नसतो, उरलेला पिल्लाच्या पोटात ओढला जातो आणि त्याच्या जोरावर ते किनाऱ्यापासून लांब पोहत जाते.

निवृत्त बालवाडीताई | बुधवार, सकाळी 8:25

म्हणजे शिदोरी. गोदाकाठताई, हा शब्द तुमच्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. "तिने पोटात शिदोरी बांधून दिलेली असते" हे वाक्य खरेही आहे आणि पुरेसेही. मात्र ते विचारले तरच सांगा.

गोदाकाठ | शनिवार, रात्री 8:45

आज वाचन झाले. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

सकाळी मी ओट्यावर खडूने कासवीण काढली, टेप लावून, पाठ सव्वादोन फुटांची. मुले आली आणि तिच्याभोवती उभी राहिली, कोणी तिच्यावर पाय दिला नाही. देवळातले कासव म्हणणाऱ्या मुलाने बराच वेळ बघून जाहीर केले की देवळातल्याला बोटे आहेत आणि हिला नाहीत. मला काहीच सांगावे लागले नाही.

सूप कलंडवले तेव्हा पहिल्यांदा मुले हसली, तिसऱ्यांदा गप्प झाली. भोई समाजातला एक मुलगा आहे, त्याचे वडील थर्माकोलच्या तराफ्यावरून नाथसागरात जाळे टाकतात. तो म्हणाला की वारा सुटला की धरणाच्या कडेला असाच आवाज येतो, पण इतका सारखा सारखा येत नाही. मग मी एका वाटीतले पाणी सगळ्यांच्या बोटावर थेंब थेंब दिले. लिटरभर पाण्यात पस्तीस ग्रॅम, म्हणजे साधारण सहा-सात चहाचे चमचे मीठ घातले होते, समुद्राइतकेच. तोंडे अशी वाकडी झाली की काय सांगू. "नाथसागर गोड हाय," तोच मुलगा म्हणाला, आणि तो वाद तिथेच मिटला. त्यानंतर समुद्राला कोणी नाथसागर म्हटले नाही.

पुस्तक मी न थांबता वाचले. नुसत्या वाळूच्या दोन पानांवर मी सर्वांत जास्त घाबरले होते, कारण तिथे काहीच घडत नाही. तिथे एका मुलीने हात पुढे करून पान अडवले आणि म्हणाली, "थांबा, खाली हायत ती." मग सगळ्यांनी पानावर कान लावून पाहिला.

आईच्या पानावर कोणी काही विचारले नाही. ते शांतच गेले. पुस्तक संपल्यावर, सगळे खडूच्या कासवाभोवती नाणी मांडत असताना, ज्याची आई ऊसतोडीला गेली आहे असा एक मुलगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "त्याची माय कुठं गेली मग?" मी शिदोरीचे वाक्य सांगितले. तो म्हणाला, "किती दिसाची?" मी म्हटले, थोड्या दिवसांची, मग ते स्वतः शोधून खाते. त्यावर त्याने मान हलवली आणि तोही नाणी मांडायला गेला. मी बरोबर बोलले की नाही ते मला अजून कळलेले नाही.

एक चूक झाली आहे असे वाटते. मादी वाळूवर किती वेळ थांबते असे एकाने विचारले तेव्हा मी रात्रभर असे सांगून टाकले. पुस्तकात चंद्र सगळ्या पानांवर आहे म्हणून तसे वाटले. आणि एका प्रश्नाला मी उत्तर दिले नाही: पिल्लू मोठे झाल्यावर परत त्याच पुळणीवर येते का?

मंडणगडकर | रविवार, सकाळी 7:05

रात्रभर नव्हे. वर येणे, खणणे, अंडी घालणे, वाळू लोटून बुजवणे आणि परत जाणे हे सगळे साधारण तासाभरात आटोपते. जाण्याआधी ती पोटाने आपटून वाळू दाबते, त्याचा धप धप आवाज लांबून ऐकू येतो. मुलांना हे नक्की करून दाखवा, ओट्यावर पालथे पडून.

परत येण्याबद्दल: मादी मोठी झाली की बऱ्याच वर्षांनी अंडी घालायला साधारण त्याच भागातल्या किनाऱ्यावर येते. नर एकदा पाण्यात गेला की वाळूवर परत येण्याचे त्याला काही कारण उरत नाही. मुलांनी विचारले तर चंद्राच्या पानावरची कासवीण कधीतरी त्याच वाळूतून निघालेले पिल्लू असू शकते, एवढे सांगा, आणि मग पुस्तक पुन्हा पहिल्यापासून दाखवा.

खडूचे कासव पुसले गेले का?

गोदाकाठ | रविवार, सकाळी 9:30

अजून नाही. आज समाजमंदिरात बारसे आहे, आणि झाडणाऱ्या मावशींना मुलांनी सकाळीच जाऊन सांगितले आहे की तेवढे सोडून झाडा. पाहुण्यांच्या चपलांचे काय करायचे ते बघते.